मिलिमीटर नको, पायरी सांगा: पुराच्या तयारीत गोष्टींचं काय काम?

पावसाळ्यात मोबाईलवर मेसेज येतो, ठाणे जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट, तुरळक ठिकाणी अति मुसळधार पावसाची शक्यता. आपण तो वाचतो, फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि डबा घेऊन नेहमीची लोकल पकडायला निघतो. यात कोणाचा निष्काळजीपणा आहे असं मला नाही वाटत. त्या मेसेजमध्ये माझ्या बिल्डिंगचं, माझ्या गल्लीचं, माझ्या पोराच्या स्कूल व्हॅनचं काहीच नसतं, मग माणूस करणार काय?

आम्ही कळव्यात राहतो, खाडीपासून फार लांब नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे, "२६ जुलैला पाणी चौथ्या पायरीला लागलं होतं." साल सांगावंच लागत नाही. जे भाडेकरू २०१५ नंतर राहायला आलेत त्यांनाही हे माहितीये. जोराचा पाऊस लागला की तळमजल्यावरच्या काकू आधी दार उघडून जिना बघतात, मोबाईल नंतर. आणि वरून कोणीतरी ओरडून विचारतं, "काकू, कितवी?"

ही "कितवी" म्हणजेच आजच्या लेखाचा विषय आहे. हवामान बदलाला तोंड द्यायचे आराखडे सध्या शहराशहरांत बनतायत, मुंबईचा २०२२ मध्ये आला, आणि जगभर हे काम करणारे लोक सांगतायत की नकाशे आणि आकडे पुरत नाहीत, लोकांना एकत्र बसवून गोष्टी सांगायला लावा, ऐका, त्यातून प्लॅन करा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही कळलं नव्हतं की गोष्टीचा आणि पुराचा संबंध काय. म्हणून जरा मुळापासून सांगते.

आधी आकडे बघू

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मुसळधार, ११५.६ च्या वर अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता.

आता ९४४ मिलिमीटर म्हणजे किती हे डोळ्यासमोर येतं का? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवायचं. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्या एका दिवसात चौऱ्याण्णव हजार लिटर, दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरून वर उरेल इतकं. आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर. एकच मुंबई, एकच तारीख, एकाकडे पावसाळ्यातला नेहमीचा मुसळधार आणि एकाकडे हाहाकार. जिल्ह्याचा अलर्ट तुमच्या गल्लीचं सांगू शकत नाही तो यामुळे.

दुसरा एक शब्द सतत कानावर येतो, "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर". बऱ्याच जणांना वाटतं की २००५ ला येऊन गेला म्हणजे आता २१०५ पर्यंत सुटका. तसं अजिबात नाहीये. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. तुम्ही तीस वर्षांचं होम लोन काढलं असेल तर ते फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी बघायची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एक. आणि हा हिशोबसुद्धा हवामान पूर्वीसारखंच राहील असं धरून केलेला, जे आता राहिलेलं नाही. हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते कुठेतरी एकदम रिकामं होतं.

पाऊस तोच, त्रास वेगळा

"रिस्क" हा शब्द आपण कशालाही वापरतो. या विषयात त्याचे तीन तुकडे करतात. एक, संकट स्वतः, म्हणजे पाऊस, भरती, ऊन. दोन, त्याच्या वाटेत कोण आहे. तीन, वाटेत असलेल्यांपैकी कोण किती नाजूक आहे.

पहिल्याचे आकडे हवामान खात्याकडे असतात. दुसऱ्याचे नकाशे महापालिकेकडे असतात. तिसरं मात्र कुठल्याच ऑफिसात नसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं, ब विंगमधली ताई नाईट ड्युटीला असते आणि मुलं घरी एकटीच, कोणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, कोणाचा ऑक्सिजनचा मशीन लाइटवर. ही माहिती फक्त शेजाऱ्यांकडे असते, आणि फॉर्म भरायला दिला तर कोणी ती लिहीत नाही. गप्पांमध्ये मात्र ती आपोआप बाहेर येते, "अगं त्या दिवशी काय झालं माहितीये का" असं कोणी सुरू केलं की.

गोष्टीने जीव वाचतात का? हो, वाचलेत

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवत असेल. इंडोनेशियातल्या सुमात्राजवळ सिमुलुए नावाचं बेट आहे, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी शेजारी. तिथे लाट पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि तेव्हा हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. समोर आचे प्रांताच्या मुख्य किनाऱ्यावर लाखाच्या वर माणसं गेली. सिमुलुएवर लोकवस्ती साधारण ७८ हजार, आणि गेले सात जण.

कारण तिथल्या घराघरात एक गोष्ट होती. १९०७ मध्ये त्या बेटावर मोठी लाट आली होती, तिला ते "स्मोंग" म्हणतात. आजी-आजोबांनी नातवंडांना झोपवताना, गाण्यांतून, गप्पांतून सांगत ठेवलं की जमीन जोरात हलली आणि मग समुद्र मागे सरला तर मासे गोळा करायला धावू नका, डोंगराकडे पळा. सत्त्याण्णव वर्षांनी जमीन हलली, कोणीतरी "स्मोंग" ओरडलं आणि सगळे पळाले. त्या गोष्टीत तीन गोष्टी होत्या बघा: खूण कोणती, करायचं काय आणि जायचं कुठे. आपल्या अलर्टमध्ये या तीनपैकी किती असतात?

हे लांबचं उदाहरण वाटत असेल तर आपल्याकडचं घ्या. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा नवी मुंबईतल्या दिवाळे गावात जाऊन विचारा, नारळी पौर्णिमेच्या आधी होडी का नाही लोटायची. समुद्राला नारळ वाहून मगच मासेमारी सुरू करायची हा नियम कोणी कागदावर लिहून भिंतीला चिकटवला नव्हता, तो सणात आणि गाण्यात ठेवला म्हणून पिढ्यानपिढ्या पाळला गेला. आता सरकारचीही १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा सण तेच काम करत होता, खवळलेल्या समुद्रापासून माणसं लांब ठेवायचं आणि माशांना वाढू द्यायचं.

तसाच भरतीचा हिशोब. जुनी माणसं सांगतात, तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या आसपास. घड्याळाइतकं अचूक नाही पण अंदाजाला पुरतं. मला याचं खूप अप्रूप वाटतं, अख्खं टाइड टेबल एका वाक्यात बसवलंय आणि चौथीतलं पोरही ते करू शकतं.

भरतीचा आणि गल्लीतल्या पाण्याचा संबंध काय

हे समजल्याशिवाय ठाणे-नवी मुंबईचा पूर कळत नाही म्हणून थोडं थांबून सांगते. आपले नाले शेवटी खाडीत सुटतात. मोठी भरती असली की खाडीचं पाणी नाल्याच्या तोंडापेक्षा वर येतं आणि नाल्यातलं पाणी बाहेर जाऊच शकत नाही. बाथरूममध्ये नळ सोडलाय आणि मोरीच्या भोकात बोळा घातलाय, अगदी तसं. नळ थोडाच सुरू असेल तर चालून जातं, पण नळ फुल आणि बोळा बसलेला असं एकाच वेळी झालं की पाणी उंबरा ओलांडतं. म्हणून साडेचार मीटरच्या वरची भरती आणि धो धो पाऊस एकत्र आले की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. ठाण्यात वंदना टॉकीजच्या भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

नवी मुंबईत सिडकोने यावर धारण तलाव, म्हणजे होल्डिंग पॉन्ड केले, नेदरलँड्सच्या पद्धतीवर. गळक्या पत्र्याखाली बादली ठेवतो ना, तीच आयडिया. भरती असेपर्यंत पावसाचं पाणी तलावात साठू द्यायचं, झडपा खाडीचं पाणी आत येऊ देत नाहीत, आणि ओहोटी लागली की साठलेलं पाणी खाडीत जातं. पण बादलीत आधीच अर्धी माती असेल तर ती लवकर भरणार, तसा हे तलाव गाळाने भरल्याचा प्रश्न तिथे कित्येक वर्षं गाजतोय, त्यात कांदळवनही उगवलंय आणि ते तोडायला कायद्याने मनाई आहे. वाशी-बेलापूरमधल्या किती लोकांना माहिती असेल की आपण सकाळी ज्या तलावाभोवती चालायला जातो तो आपल्या घराची बादली आहे? माझ्या मते तिथल्या प्रत्येक शाळेत ही गोष्ट सांगितली पाहिजे.

जुनी गोष्ट पुरत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिमुलुएची गोष्ट सत्त्याण्णव वर्षांनीही जशीच्या तशी चालली, कारण त्सुनामी जशी १९०७ ला तशीच २००४ ला. हवामान बदलात तसं नाही होत. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली, म्हणजे जवळपास एक वीत. आमच्या जिन्याची एक पायरी सतरा सेंटीमीटरची आहे, मी मोजली. म्हणजे एका पायरीपेक्षा जास्त समुद्र वर आलाय, आणि वाढीचा वेगही वाढतोय. वर खाजणं बुजली, मिठागरं गेली, सगळीकडे काँक्रीट झालं, म्हणजे पाणी मुरायला आणि पसरायला पूर्वीपेक्षा कमी जागा.

मग "२६ जुलैला चौथी पायरी" या गोष्टीचा एक धोकाही आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे छातीठोकपणे सांगतात की चौथीच्या वर पाणी येतच नाही, त्या दिवशी नाही आलं तर आता काय येणार. मीटर रूमची फळी त्याच हिशोबाने बसवलीये, पाचव्या पायरीच्या उंचीला. जुन्या गोष्टीने आम्हाला सावध केलं हे खरं, पण तिनेच आमची एक हद्दही ठरवून टाकली.

न घडलेल्या दिवसाची गोष्ट

म्हणून दुसऱ्या प्रकारची गोष्ट लागते, जो दिवस अजून आलेलाच नाही त्याची. शास्त्रज्ञही हे करतात. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालात "स्टोरीलाइन" नावाची पद्धत आहे. शक्यता किती टक्के यावरच न अडकता, असं घडलंच तर कशामागून काय घडेल ते क्रमाने मांडायचं. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली "प्री-मॉर्टेम" पद्धतही जवळची आहे, काम सुरू करायच्या आधीच समजायचं की ते फसलंय आणि प्रत्येकाने सांगायचं का फसलं. "काय चुकू शकतं?" विचारलं तर लोक गप्प बसतात, "चुकलंय, का चुकलं सांगा" म्हटलं की भराभर बोलतात.

आम्ही मे महिन्यात सोसायटीच्या पॅसेजमध्ये हे करून बघितलं, चौदा-पंधरा माणसं, चटया आणि चहा. सुरुवात "२६ जुलैला तुम्ही कुठे होतात?" या प्रश्नाने, अर्धा तास कोणाला थांबवताच येईना. मग मी ठरवून आणलेली गोष्ट सुरू केली. पिठोरी अमावस्येचा दुसरा दिवस. गणपती तीन दिवसांवर. पहाटेपासून पाऊस. दुपारी पाऊण वाजता भरती, पावणेपाच मीटर. पाणी चौथ्या पायरीला थांबत नाही, सहावीला लागतं. आता पुढे प्रत्येकाने सांगायचं, आपल्या घरात काय चाललंय.

बघता बघता साखळी तयार झाली. मीटर रूममध्ये पाणी शिरलं म्हणून लाइट बंद करावी लागली. लाइट नाही म्हणून पंप नाही, म्हणजे चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. वरची टाकी सकाळीच भरून घ्यायला हवी होती, पण ते वॉचमनला सांगणार कोण, सेक्रेटरी तर गणपतीसाठी आदल्या रात्रीच गावाला गेलेले, आणि गच्चीची चावी त्यांच्याच कपाटात. दोन मुलं शाळेच्या व्हॅनमध्ये, व्हॅन विटाव्याच्या रेल्वे पुलाच्या अलीकडे अडकलेली, ड्रायव्हरचा नंबर फक्त एका आईकडे, आणि ती मीटिंगमध्ये. डायलिसिसचा वार नेमका तोच. एका गृहस्थांनी हळूच सांगितलं की मूर्ती तळमजल्यावर ठेवलेली असते, ती आधी वर न्यावी लागेल आणि त्यात चार माणसं गुंततील, हे कुठल्या सरकारी आराखड्यात आलं असतं सांगा.

आणि मग आमच्याकडे काम करणाऱ्या ताई, ज्या चहा द्यायला थांबल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे पाणी खालून येतं, आमच्याकडे वरून येतं." त्या पारसिक डोंगराच्या उतारावर राहतात, त्यांना भीती दरडीची. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली ती बातमी आम्ही टीव्हीवर बघितली होती, त्या मात्र त्यानंतर पावसात रात्रभर जाग्या असतात. त्या दिवसापासून ठरलं की रेड अलर्ट असला की त्या मुलांना घेऊन आमच्या सोसायटी ऑफिसमध्ये झोपायला येतील. त्या चहापुरत्या थांबल्या नसत्या तर हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. म्हणून अशा बैठकीला कोणाला बोलावलंय हे फार बघावं लागतं. नुसते फ्लॅटमालक बसले तर नुसत्या पार्किंगच्या गोष्टी होतात.

"गोष्टी सांगून नाले साफ होतात का?"

नाही होत. आणि नाले, पंपिंग स्टेशन, गाळ, खारफुटीचं रक्षण ही कामं महापालिकेची आणि सरकारची आहेत, ती लोकांच्या गळ्यात मारायला कोणी गोष्टींचा वापर करत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण मागणी कशी करायची यात फरक पडतो. "आमच्या भागात पाणी तुंबतं" असं पत्र दिलं की ते फायलीत जातं. "भरतीच्या वेळी मागच्या नाल्यातून पाणी उलटं येतं, चाळीस मिनिटांत दुसऱ्या पायरीला लागतं, या तीन तारखांना लागलं, हे फोटो" असं दिलं की इंजिनिअरला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

मग अफवा आणि गोष्ट यात फरक काय?

बरोबर शंका आहे. दर पावसाळ्यात कुठल्यातरी दुसऱ्याच देशातल्या लाटेचा व्हिडिओ "आत्ता खाडीपुलावर" म्हणून फिरतो. साधी कसोटी अशी की गोष्ट सांगणारा तिथे स्वतः होता का, आणि तिची एखादी खूण अजून दाखवता येते का. भिंतीवरचा ओलीचा डाग, फोटोवरची वेळ, त्या दिवसाची भरती. आमच्या बैठकीत एका आजोबांनी पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आल्याचं सांगितलं, पण तिघांनी डाग दाखवून ते दुरुस्त केलं. माणसाची आठवण ताणली जाते, त्यात वाईट काही नाही, म्हणून तर एकत्र बसायचं.

भीतीचंही लोक विचारतात. नुसती भीतीची गोष्ट सांगितली की माणूस कान बंद करतो हे खरं आहे. म्हणून गोष्टीत प्रत्येक अडचणीला कोणीतरी काहीतरी करतं असं यायला हवं, चावी कोणी आणली, आजोबांना कोणी उचललं. ते नसेल तर ती गोष्ट पुढे भीतीचाच फॉरवर्ड होऊन फिरते.

उन्हाची रेघ कुठे मारणार?

पाण्याची खूण भिंतीवर राहते, उन्हाची राहत नाही, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने चौदा माणसं गेली. पारा चाळिशीच्या आतच होता. पण आपल्याकडे हवेत दमटपणा असतो, घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की शरीर थंड होत नाही, म्हणून कोरड्या भागातले आकडे बघून आपण गाफील राहतो. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यानंतर धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आपल्याकडेही असे आराखडे व्हायला लागलेत, पण पत्र्याच्या खोलीत रात्री अकरा वाजता काय होतं, बाळ का रडत राहतं, संडास लांब आहे म्हणून बाई पाणी कसं कमी पिते, या गोष्टी कोणी सांगत नाही कारण कोणी विचारत नाही. आमची पुढची बैठक याच्यावर आहे, आणि ती पॅसेजमध्ये नाही, ताईंच्या वस्तीत आहे.

मे महिन्याच्या त्या बैठकीत शेवटी बोलले ते वॉचमनदादा. नऊ वर्षं नाईट ड्युटी केली त्यांनी, आणि त्यांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, पाणी गेटमधून येत नाही, गेटमधून येतं तेव्हा उशीर झालेला असतो, आधी मागच्या चेंबरचं झाकण उचललं जातं. आम्ही इतकी वर्षं वाळूच्या गोण्या गेटवर लावत होतो. आता गोण्या मागे नेल्यात, चेंबरला पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवायचं कोटेशन मागवलंय, गच्चीची दुसरी चावी तिसऱ्या मजल्यावर टांगलीये आणि सहाव्या पायरीवर पिवळ्या ऑइल पेंटने रेघ मारलीये. रंग ओला होता तेव्हाच शाळेतून मुलं आली आणि विचारायला लागली, एवढं पाणी कधी आलं होतं? "अजून नाही आलं," वॉचमनदादा म्हणाले, आणि त्यांना घेऊन मागच्या चेंबरपाशी गेले.